परागंदा बापाची सही

घर सोडून गेलेल्या बापाचा मुलांवरचा हक्क कायमचा संपवता येतो काय? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आमच्या वस्त्यांत हा प्रश्न नवा नाही. नवरा बेपत्ता, नाहीतर दुसरा संसार थाटून बसलेला. माय शिलाईच्या कारखान्यात राबते, धुणीभांडी करते, पोरांना शिकवते. आणि कागद करायची वेळ आली की खिडकीतला बाबू विचारतो, 'वडिलांची सही कुठे?'

या प्रश्नाचे मूळ १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाचे तुकडे करून जे चार कायदे झाले, त्यांतला हा एक. आम्ही धम्म स्वीकारला तरी तो आम्हांलाही लागू आहे. पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असे हे कलम सांगते. गंमत पाहा, बाप वानप्रस्थी किंवा संन्यासी झाला तर त्याचे पालकत्व जाते. बायकापोरांना उघड्यावर टाकून पळाला तर जाते, असे कलमात कुठेही लिहिलेले नाही! मनूचे आश्रम कायदेमंडळाला बरे आठवले.

लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनाही बापाची सही मागितली गेली. त्यांचा तर नवरा राजी होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये निकाल लागला : 'त्याच्यानंतर' म्हणजे मेल्यानंतर नव्हे, त्याच्या गैरहजेरीत. बाप मुलाकडे लक्षच देत नसेल तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. दोघांना समान पालकत्व द्या, असे विधी आयोगाने २०१५ मध्ये सुचवले. कलमाचे शब्द मात्र तेच राहिले.

बापाचा हक्क एका अर्जात संपवणारा कायदा आपल्याकडे नाही, पण तो रोखता येतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली आईला न्यायालयातून पालकत्वाचा हुकूम मिळवता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर बापाची भेटही नाकारू शकतात. पोटगीचा दावा मात्र भगिनींनी सोडू नये. ताबा गेला म्हणून बाप खर्चातून सुटत नाही.

आमची खरी अडचण जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तोही बापाकडचा. सासरचे लोक तो कागद पेटीत दाबून बसतात आणि पोराची शिष्यवृत्ती बुडते. शासनाने २०२४ मध्ये मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावायचा निर्णय घेतला. पुरावा अजून बापाच्याच घरातून यायचा!

आंतरजातीय विवाहात थोडी वाट आहे. आई अनुसूचित जाती-जमातीची, बाप सवर्ण, आणि मूल आईच्याच समाजात तिचेच भोग भोगत वाढले असेल, तर त्याला आईची जात सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका यांच्या प्रकरणात सांगितले. ज्या घरांत आईबाप दोघेही आमचेच, तिथे आईकडचा पुरावा पुरेसा धरावा, असा स्पष्ट नियम शासनाने करावा. तोवर आमच्या वकील बंधूंनी रविवारी विहारात बसून या मायांचे अर्ज फुकट लिहून द्यावेत, आणि १९९९ व २०१२ च्या निकालांपैकी जो लागू असेल त्याची प्रत सोबत जोडावी.