अडखळणाऱ्या टाइमलाइनवरचा उतारा

तुकोबारायांची पालखी बेलवाडीच्या गोल रिंगणानंतर निमगाव केतकीत मुक्कामाला येते, तेव्हा या भागातल्या शूटिंगवाल्यांची मेमरी कार्डं भरून वाहत असतात. खरी परीक्षा मात्र एडिटिंगला बसल्यावर. रिंगणातल्या अश्वाची टाप जमिनीला टेकते, नेमक्या त्या फ्रेमवर कट हवा. स्पेसबार दाबावा तर मृदंग पुढे निघून जातो, अश्व हवेतच थांबतो आणि पाच-सात फ्रेम गाळून एकदम पलीकडे उगवतो. ‘लय लॅग मारतंय’ म्हटलं की सल्ला ठरलेला: ग्राफिक्स कार्ड बदल. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी ऐकायचा सल्ला आहे.

दोष बहुतेक वेळा फाइलच्या घडणीत असतो. कॅमेरा आणि मोबाइल ज्या एच.264 किंवा एचईव्हीसी या कॉम्प्रेशन तंत्रांत चित्रण साठवतात, ती कमी जागेत जास्त मावावं म्हणून बनलेली आहेत. पहिलं 2003 चं, दुसरं 2013 चं. त्यांचं काम किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं चालतं. एका फ्रेमचं चित्र पूर्ण, पुढच्या अनेकांत फक्त काय बदललं तेवढीच नोंद. मधलीच फ्रेम मागितली की मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडत यायचं. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एकीला जेमतेम 40 मिलिसेकंद. त्यात फोरके चित्रण, एकावर एक तीन कॅमेरे, आणि एडिटर सारखा मागे-पुढे सरकणार. प्रोसेसर घामाघूम होणारच.

उतारा आहे प्रॉक्सी. मूळ फाइलची हलकी प्रत काढायची आणि कापाकापी तिच्यावर करायची. फोरकेच्या एका फ्रेममध्ये सुमारे 83 लाख पिक्सेल, तर 720च्या प्रॉक्सीत सव्वानऊ लाख; भार थेट नवव्या हिश्शावर. प्रॉक्सी प्रोरेस फॉरमॅटमध्ये काढली तर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण, मागचा हिशेबच नाही. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय 2016 साली आली. क्लिप निवडायच्या, राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. रात्री लावून झोपावं.

कल्पना मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची. फिल्मच्या जमान्यात एडिटर निगेटिव्हला हात लावत नसे. तिच्यावरून काढलेली रश प्रिंट मूव्हिओला किंवा स्टीनबेक या एडिटिंगच्या यंत्रांवर चढवायची, ओरखडे पडोत की सांधे उखडोत, तिच्यावरच कात्री चालवायची. कट पक्का झाला की फिल्मच्या कडेवरचे आकडे जुळवून निगेटिव्ह कापायची. आज त्या आकड्यांच्या जागी फाइलचं नाव आणि टाइमकोड आहे, एवढाच फरक. निगेटिव्ह कापणाऱ्याची एक चूक कायमची असे. आपल्याला अनडू आहे, हे आपलं नशीब.

प्रॉक्सी सगळ्याच दुखण्यांवर चालत नाही. टाइमलाइनवर लाल पट्टी दिसते ती बहुधा इफेक्टमुळे: स्लो मोशन, नॉइज काढणं, चार थर कलर. तिथे तेवढाच तुकडा निवडून रेंडर करावा, म्हणजे पट्टी हिरवी होते. फुटेज जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर आधी एसएसडीवर घ्यावं. घाई असेल तर प्लेबॅक रिझोल्यूशन निम्म्यावर किंवा पावावर आणून बघावं. त्याला पैसाही लागत नाही आणि वेळही.

मोबाइलचं चित्रण वेगळाच ताप देतं. त्याचा फ्रेमदर कमी-जास्त होत राहतो, मग आवाज आणि ओठ जुळत नाहीत. ते आधी ठरावीक फ्रेमदरात बदलून घेतलेलं बरं.

आणि एक सांभाळा. प्रीमियर एक्स्पोर्टच्या वेळी आपणहून मूळ फाइलकडे वळतं, पण ती जागेवर असेल तर. दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये मात्र ‘यूज प्रॉक्सी मीडिया’वर खूण राहिली तर हलकी प्रतच बाहेर पडते, एक्स्पोर्टआधी ती बघून घ्या. प्रॉक्सी झाल्या म्हणून कार्ड आणि मूळ फोल्डर पुसू नका. फायनल फाइल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ते दोन ठिकाणी ठेवा.