महामार्ग ४४ वरून अभिजात भाषांकडे

मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात दर्जा दिला. तेलंगणात आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरसारख्या गावात या बातमीचा हिशेब पुण्या-मुंबईपेक्षा निराळा लागतो. इथे घरात मराठी आणि बाजारात तेलुगू. तेलुगूला तो दर्जा २००८ मध्येच मिळाला होता. मराठी, पाली, प्राकृत आणि तेलुगू यांत २००५ पासून अभिजात असलेली संस्कृत मिळवली, की या मुलखाशी नाते असलेल्या अभिजात भाषा पाच होतात. तरीही बारावी झालेल्या मुलीने ‘मला जुन्या भाषा शिकायच्यात’ म्हटले, की मामा पहिल्यांदा विचारतो, ‘का गं, बी.एस्सी.ला नंबर नाही लागला?’

मामाचा प्रश्न अगदीच वावगा नाही. जुन्या भाषांची पदवी आपल्याकडे बहुतेकदा ठरवून घेतली जात नाही. ती वाट्याला येते. तेलंगणात इंटरमीडिएटला संस्कृत घेणारी मुले भरपूर, पण बरीचशी मार्कांसाठी. परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत. अशा पायावर बी.ए. उभे केले, तर तीन वर्षांनी हातात प्रमाणपत्र असते आणि मूळ ग्रंथाचे पान मात्र गाईडशिवाय उलगडत नाही. पदवी संपताना मूळ संहिता स्वतः वाचता आली पाहिजे, तीही एका भाषेतली नव्हे, दोन भाषांतली. आखणी करायची ती एवढ्यासाठी. कॉलेजचे नाव हा त्यानंतरचा प्रश्न.

दोन भाषा का, याचे उत्तर इथल्या नदीतच आहे. पाली सुत्तनिपातातील पारायणवग्गात बावरी नावाचा एक ब्राह्मण येतो. कोसलातून दक्षिणापथात आलेला हा म्हातारा अस्सक देशात, गोदावरीच्या काठी आश्रम करून राहतो आणि आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाकडे प्रश्न विचारायला धाडतो. शिष्यांची वाट ग्रंथात गावागणिक दिली आहे: पतिट्ठान म्हणजे पैठण, मग माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, आणि असेच उत्तरेला मगधापर्यंत. बावरीचा आश्रम म्हणजे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, आता निर्मलमध्ये गेलेले गोदावरीतले बादनकुर्ती बेट, असे काही अभ्यासक मानतात. अस्सकांची राजधानी बोधनला होती, असाही तर्क आहे. हे तर्क मान्य करायचे की नाहीत, हे पाली वाचणाऱ्यानेच ठरवावे. पण पहिल्या वर्षाच्या मुलीला नकाशा पुढे घेऊन वाचता येईल, असा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. पु. वि. बापटांनी हा ग्रंथ देवनागरीत संपादित केला, धर्मानंद कोसंबींचे मराठी भाषांतरही आहे. दोन्ही शेजारी ठेवून रोज चार ओळी लावल्या, तरी वर्षभरात हात बसतो.

पाली हाती आली की प्राकृत फार दूर राहत नाही. सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, तिच्यात गोदावरी पुन्हा पुन्हा भेटते. स. आ. जोगळेकरांची १९५६ ची मराठी आवृत्ती अजूनही उत्तम सोबत करते. सातवाहनांचे पैठण वरच्या अंगाला आणि त्यांची आरंभीची नाणी जिथे सापडली ते कोटिलिंगाल खालच्या अंगाला, त्याच गोदावरीवर. गुडीहत्नूर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. संस्कृतशिवाय मात्र यातले काहीच नीट लागत नाही, म्हणून पहिले वर्ष व्याकरणाला द्यावे. रा. गो. भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ एकोणिसाव्या शतकातली आहे, पण धातू आणि विभक्ती पक्के करायला तिच्याइतके सरळ पुस्तक पुढे फारसे झाले नाही. संभाषण शिबिरांनी भीती मोडते हे खरे. संधी मात्र वहीत सोडवल्याशिवाय सुटत नाहीत.

आता ठिकाणे. गावाबाहेरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेला नागपूरकडे आणि दक्षिणेला हैदराबादकडे जातो. नागपूरच्या पुढे मनसरहून रामटेकला वळले, की १९९७ चे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ. सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य ज्याच्या नावावर आहे, त्या वाकाटक प्रवरसेनाचाच तो परिसर. दक्षिणेला उस्मानिया, आणि हैदराबाद विद्यापीठाचा संस्कृत अध्ययन विभाग, जिथे अंबा कुलकर्णी यांनी पाणिनीय व्याकरण संगणकाला शिकवण्याचे मोठे काम केले. गणित आवडणाऱ्या मुलाने पुढच्या शिक्षणासाठी हा विभाग मनात ठेवावा. आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेस थेट तिरुपतीला जाते, तिथे राष्ट्रीय संस्कृत विद्यापीठ आहे. पारंपरिक शास्त्री पदवी हवी असेल तर तो रस्ता. पाली मुख्य ठेवायची असेल, तर पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली संभाजीनगरात काढलेले मिलिंद महाविद्यालय या संदर्भात नुसते कॉलेज नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतः पालीचा कोश सिद्ध करायला घेतला. कोणती भाषा कुणी शिकायची हे जातीने ठरत होते, हे या विषयाच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

पुण्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. एकेका श्लोकासाठी कागद आखायचा, वर प्रचलित पाठ, खाली बंगाली, मलयाळम, शारदा अशा लिप्यांतल्या पोथ्यांचे फरक अक्षराखाली अक्षर. डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ पासून चालू आहे आणि कित्येक खंड निघाले तरी ‘अ’ काही संपलेला नाही. घाईच्या माणसाने इकडे फिरकू नये. पण ही कामे बघण्याची आहेत, दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आठवडाभर जाऊन आले तरी चालते. पदवी तिथेच घेतली पाहिजे असे नाही. पुण्यातला खोलीभाड्याचा आकडा ऐकला, की मामाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मुले खरी अडकतात ती कागदांत. तेलंगणातील पदवी प्रवेश ‘दोस्त’ या ऑनलाइन प्रणालीतून होतात आणि विषयांचे ठरावीक गट निवडावे लागतात. संस्कृत आणि इतिहास एकत्र मिळणारा गट शोधण्यातच अर्धा वेळ जातो. महाराष्ट्रात गेले तर विद्यार्थी परराज्यातला ठरतो. अनुसूचित जाती-जमातीचा तेलंगणातला दाखला तिथल्या राज्य कोट्यात चालत नाही, शिष्यवृत्तीचे गणितही बदलते. तिरुपतीचे आणि हैदराबादचे विद्यापीठ केंद्रीय आहे, तिथे ही अडचण येत नाही. उटनूरकडच्या गोंड किंवा कोलाम मुलाला म्हणूनच तिरुपती किंवा हैदराबाद रामटेकपेक्षा सोपे पडू शकते, रामटेक जवळ असूनही.

पोटापाण्याचे काय? पाली, प्राकृत, संस्कृत, फारसी या सगळ्यांत नेट परीक्षा होते, म्हणजे प्राध्यापकीचा रस्ता आहे, अरुंद असला तरी. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे. निजामाच्या मुलखातल्या माणसाने फारसीला परके मानण्याचे कारण नाही. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. निजामाच्या नोकरीत आदिलाबादला आले तेव्हा गोंडी आणि कोलामी शिकले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. त्याच माणसाने पुढे मोगलकालीन फारसी साधने मराठीत आणून मराठ्यांच्या इतिहासाची बाजू भक्कम केली. नोकरी महसुलाची, भाषा छंद म्हणून धरलेल्या, आणि काम असे की १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. संस्कृतसोबत फारसी किंवा मोडी घेणारा विद्यार्थी अभिलेखागारात उपयोगी पडतो, नुसती संस्कृत घेणाऱ्यांची तिथे गर्दी असते.

तेव्हा जूनमध्ये अर्ज भरण्याआधी दोन-तीन महिने हातात असतील, तर व्याकरणाचे पहिले पुस्तक घरीच अर्धे संपवावे. अकारान्त आणि इकारान्त नामे चालवताना कंटाळा आला नाही, तर पसंतीक्रमात हा विषय बेधडक पहिला टाकावा. कंटाळा आलाच, तर इतिहास मुख्य ठेवून पाली सोबतीला घ्यावी. तीही चांगली पदवी होते.