मंद वारा आणि मोठा पतंग

उन्हाळ्यात दुपारच्या वेळी गोव्यातल्या मोरजी किंवा हरमलच्या किनाऱ्यावर गेलात, तर समुद्रावर मोठमोठे रंगीत पतंग उडताना दिसतात. ते उडवणारी माणसे किनाऱ्यावर उभी नसतात. त्यांच्या पायांखाली एक फळी असते, कमरेला एक रुंद पट्टा असतो आणि त्या पट्ट्याला अडकवलेला पतंग त्यांना पाण्यावरून ओढत नेत असतो. या खेळाला काइटबोर्डिंग किंवा काइटसर्फिंग म्हणतात. ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या दोन फ्रेंच भावांनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या नळ्या असलेल्या पतंगाचे पेटंट घेतले. पाण्यात पडला तरी तरंगत राहणारा आणि पाण्यावरूनच पुन्हा उडवता येणारा पतंग मिळाल्यामुळे पुढच्या काळात हा खेळ जगभर पसरू शकला.

हा खेळ शिकणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न लवकरच उभा राहतो. वारा मंद असेल तर कोणते साहित्य घ्यावे? 'वारा कमी, तर पतंग मोठा' हे उत्तर चटकन सुचते. ते चूक नाही, पण अर्धेच आहे, आणि तेवढ्यावरच विसंबून राहिले तर प्रसंगी जिवावर बेतू शकते. का, ते आपण थोडे गणित करून पाहू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज जमेल.

वर्गाचा हिशेब

वाऱ्यामुळे पतंगावर पडणारे बल चार गोष्टींवर अवलंबून असते : हवेची घनता, पतंगाचे क्षेत्रफळ, पतंगाच्या आकारावर व वाऱ्याशी असलेल्या त्याच्या कोनावर ठरणारा एक गुणांक, आणि वाऱ्याचा वेग. पहिल्या तिन्हींचा गुणाकार करायचा, त्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि आलेल्या संख्येची निमपट करायची. समुद्रसपाटीला हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. गुणांक आपण ०.८ धरू. प्रत्यक्षात तो सतत बदलतो, पण अंदाजासाठी एवढे पुरे.

समजा पतंग १२ चौरस मीटरचा आहे आणि वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर आहे. खलाशांच्या भाषेत हा वारा १९ ते २० नॉटचा झाला. आकाशात एका जागी स्थिर धरलेल्या पतंगावरचे बल ५७६ न्यूटन येते. म्हणजे सुमारे ५९ किलो वजनाइतकी ओढ झाली. आता वारा निम्मा करा, सेकंदाला ५ मीटर. ओढ निम्मी होत नाही. ती चौथ्या हिश्शावर, म्हणजे १४४ न्यूटनवर येते. हे झाले जेमतेम १५ किलो. एवढ्या ओढीवर ७० किलोचा माणूस पाण्यातून उठून फळीवर उभा राहणे कठीण.

गेलेली ओढ केवळ आकार वाढवून भरून काढायची, तर पतंग चौपट, म्हणजे ४८ चौरस मीटरचा हवा. खोलीची लांबी-रुंदी मोजून पाहा; एवढे कापड म्हणजे एका ऐसपैस दिवाणखान्याची जमीन झाली. असा पतंग एकट्याने हाताळणे शक्य नाही. मंद वाऱ्याचे म्हणून मिळणारे फुगवायचे पतंग साधारणपणे १४ ते १७ चौरस मीटरचे असतात. मग उरलेली ओढ येते कुठून?

पतंग स्वतःचा वारा तयार करतो

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या मुलांना याचे उत्तर ठाऊक असते. वारा पडला की ती दोरा भराभर ओढतात आणि पतंग वर चढतो. हवा स्थिर असली तरी पतंग हवेतून पुढे सरकला, की पतंगाच्या दृष्टीने तो वाराच असतो. सायकलवरून जाताना शांत हवेतही तोंडावर वारा लागतो, तसेच हे. याला आपण सापेक्ष वारा म्हणू.

काइटबोर्डिंग करणारा माणूस पतंग एका जागी ठेवत नाही. तो आकाशात वाऱ्याला आडवा, वर-खाली फिरवत राहतो. समजा वारा सेकंदाला ५ मीटर आहे आणि पतंग त्याला काटकोनात सेकंदाला १० मीटर वेगाने धावतो आहे. पायथागोरसच्या प्रमेयानुसार सापेक्ष वाऱ्याच्या वेगाचा वर्ग २५ अधिक १००, म्हणजे १२५. स्थिर पतंगासाठी हाच आकडा २५ होता. पतंग तोच, वारा तोच, पण ओढ पाचपट! १५ किलोंचे सुमारे ७३ किलो झाले. माइल्स लॉइड या अमेरिकी अभियंत्याने १९८० साली आडव्या धावणाऱ्या पतंगापासून किती ऊर्जा मिळू शकेल याचे गणित मांडले, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

आता मोठ्या पतंगाची अडचण ध्यानात येईल. पतंग जितका मोठा, तितका तो वळायला आळशी. समजा १७ चौरस मीटरचा एखादा बोजड पतंग त्याच वाऱ्यात सेकंदाला ६ मीटरच धावू शकला, तर वेगाचा वर्ग २५ अधिक ३६, म्हणजे ६१ होतो आणि ओढ सुमारे ५१ किलो भरते. १२ चौरस मीटरचा चपळ पतंग त्याच्यावर मात करतो. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत आणि चांगल्या बांधणीचे मोठे पतंग इतके मंद नसतात. मुद्दा एवढाच, की मंद वाऱ्यासाठी पतंग निवडताना क्षेत्रफळाइतकेच 'तो किती चटकन वळतो' हेही पाहावे लागते. दोऱ्यांची लांबी वाढवली, तर पतंगाला धावायला मोठा पट्टा मिळतो. त्यामुळे नेहमीच्या २० ते २४ मीटरच्या दोऱ्यांऐवजी काही जण मंद वाऱ्यात त्याहून लांब दोऱ्या वापरतात.

पतंगाचे वजन

दुसरी अडचण वजनाची. १७ चौरस मीटरचा पतंग ४ किलोचा असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे २.३ न्यूटन वजन पडते. सेकंदाला २ मीटर वाऱ्यात दर चौरस मीटरला मिळणारे बल १.९ न्यूटन आहे. म्हणजे एका जागी धरलेला पतंग खाली येणार. वारा सेकंदाला अडीच मीटर झाला, की बल ३ न्यूटन होते आणि पतंग टिकतो.

यातली गंमत अशी, की पतंग मोठा करून हा उंबरठा खाली येत नाही, कारण क्षेत्रफळाबरोबर वजनही वाढते. उंबरठा खाली आणायचा तर प्रत्येक चौरस मीटरचे वजन घटवायला हवे. म्हणून मंद वाऱ्याच्या पतंगांत आडव्या नळ्या कमी करतात. पाचाऐवजी तीन, कधी एक, तर कधी एकही नाही. दुसऱ्या जातीच्या पतंगांत फुगवायची नळीच नसते. कापडाचे दोन थर आणि त्यांमधले कप्पे अशी त्यांची रचना असते आणि समोरच्या तोंडांतून शिरणाऱ्या वाऱ्यानेच ते फुगतात. हे कापडी पतंग अगदी मंद वाऱ्यातही टिकतात. मात्र ते पाण्यात पडून भिजले तर पुन्हा उडवणे अवघड जाते. शिकाऊ माणसाने फुगवायचा पतंग घ्यावा, असे म्हणतात ते यासाठीच.

फळीने मागणे कमी करावे

आतापर्यंत आपण ओढ कशी वाढवायची एवढेच पाहिले. पण घर चालवणाऱ्याला ठाऊक असते, की मिळकत वाढवता येत नसेल तर खर्च कमी करावा. इथे खर्च म्हणजे पाण्याचा रोध, आणि तो फळीवर अवलंबून असतो.

चपटा दगड तलावात तिरका भिरकावला की तो टप्पे घेत जातो. फळीही वेग आल्यावर पाण्यात न बुडता पृष्ठभागावरून घसरू लागते. फळी रुंद आणि सपाट असेल तर ती कमी वेगातही घसरू लागते. म्हणून नेहमीची फळी साधारण १३५ ते १४० सेंटिमीटर लांब असते, तर मंद वाऱ्याची १५० ते १६५ सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे पाण्यातला पंख. फळीच्या खाली सुमारे ८० ते ९० सेंटिमीटरचा उभा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख बसवलेले असतात. इंग्रजीत याला हायड्रोफॉइल म्हणतात. इटलीच्या एनरिको फोर्लानिनी याने १९०६ साली अशाच पंखांवर आपली बोट मॅजोरे सरोवराच्या पाण्याबाहेर उचलून दाखवली होती.

वरचेच सूत्र इथे वापरा, फक्त हवेऐवजी पाण्याची घनता घाला. ती दर घनमीटरला १००० किलोग्रॅम, म्हणजे हवेच्या आठशेपटींहून अधिक. पंखाचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.१२ चौरस मीटर घ्या, गुणांक पूर्वीप्रमाणे ०.८ आणि वेग सेकंदाला ४ मीटर. बल ७६८ न्यूटन येते, म्हणजे सुमारे ७८ किलो. उघडलेल्या वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा पंख, सायकलच्या वेगाने जाताना, ७० किलोचा माणूस आणि फळी पाण्याबाहेर उचलून धरतो! फळी हवेत गेली की तिचा रोध संपला, आणि मग थोडीशी ओढही पुरते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या आणि तिथे वारा मंद पडल्याने काही शर्यती लांबवाव्याही लागल्या. खेळाडूंचे साहित्य काय होते? कापडी, कप्प्यांचे पतंग आणि पाण्यातले पंख. या जोडीवर ते वाऱ्याच्या वेगाहून अधिक वेगाने जाऊ शकतात.

तेव्हा निवडीचा क्रम उलटा धरणे बरे : आधी फळी, मग पतंग. ७० किलोच्या माणसाला १० ते १२ नॉट वाऱ्यात मोठ्या फळीबरोबर साधारण १४ ते १७ चौरस मीटरचा पतंग लागतो. फळीखाली पंख असेल तर १० ते १२ चौरस मीटरचा पुरतो. माणूस जड असेल तर त्या प्रमाणात पतंग मोठा. पंखाला मात्र कमरेपेक्षा खोल पाणी हवे, खडक नकोत, आणि तो शिकायला वेळ लागतो.

वर्गाची दुसरी बाजू

ज्या वर्गाने मंद वाऱ्यात आपली ओढ हिरावून घेतली, तोच वारा वाढला की ती व्याजासकट परत करतो. १७ चौरस मीटरचा पतंग सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात स्थिर असताना सुमारे २१ किलोने ओढतो. मे महिन्यात वळवाचे ढग जवळ आले, की त्यांच्यातून खाली कोसळणारी थंड हवा अचानक झोत बनून येते. वारा सेकंदाला १२ मीटर झाला, तर तोच पतंग सुमारे १२० किलोने ओढेल. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला उचलून आपटायला एवढे बल पुरेसे आहे. हातातला दांडा पुढे सोडून पतंगाचा कोन कमी करता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक पतंगाला तत्काळ सुटकेची कळ असते. ती वापरली की पतंग एकाच दोरीवर लटकतो आणि त्याची ओढ जवळजवळ नाहीशी होते. ती कळ डोळे मिटून सापडायला हवी. तिचा सराव आधी जमिनीवर करायचा असतो. आणि मोठा पतंग हाती असताना ढग दाटू लागले, तर पाण्यात उतरायचेच नाही.

दुसरा धोका नेमका उलटा, वारा पडण्याचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा येतो. संध्याकाळी तो मावळतो. पहाटे व सकाळी वारा बहुधा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. अशा वाऱ्यात पतंग पाण्यात पडला, तर वारा माणसाला किनाऱ्यापासून दूर नेतो. हलका पतंग आणि पंख यांच्या जोरावर अगदी मंद वाऱ्यातही दूर जाता येते, हाच त्यातला मोह. परतीचे अंतर पोहून काटता येईल की नाही, हे निघण्यापूर्वी ठरवायचे असते.

वर्गात करून पाहा

संक्रांतीचा एक पतंग घ्या. त्याचे क्षेत्रफळ मोजा. वजन करताना दहा पतंग एकत्र तोलले तर साधा तराजूही चालेल. दर चौरस मीटरला किती वजन पडते आणि तो टिकायला किमान किती वारा हवा, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. मग वारा पडलेल्या दुपारी मैदानात दोरा धरून धावायला सांगा. ५० मीटर किती सेकंदांत धावले, यावरून वेग काढा. ज्या वेगाला पतंग जेमतेम टिकतो, तो गणिताच्या उत्तराशी किती जुळतो ते पाहा. पूर्ण जुळणार नाही. धाग्याचे वजन आपण धरलेले नाही आणि गुणांकही अंदाजाने घेतला आहे. यांपैकी कोणत्या कारणाने उत्तर कोणत्या दिशेला सरकेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवा. त्यावरची चर्चा एका तासिकेत संपणार नाही.