धरलेला सूर

थेसालोनिकीच्या वरच्या जुन्या वस्तीतलं लहानसं चर्च, रविवारची सकाळ. ऑर्गन नाही, पेटी नाही; या ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत गातो तो फक्त माणसाचा गळा. पुस्तकांच्या फिरत्या लाकडी घोडीभोवती चौघे उभे. त्यांतल्या ज्येष्ठ गायकाने, इथल्या भाषेत प्साल्तीसने, आधी आपल्या नोम-तोमसारखी निरर्थक अक्षरं हलकेच गायली. एवढ्यावरून बाकीच्यांना 'इखोस', म्हणजे रागासारखी स्वरचौकट, कळला. इखोस आठ: चार मूळचे, चार त्यांच्या जोडीचे. दर आठवड्याला एकाची पाळी. त्या रविवारी सहावा होता.

मला वाटलं, भैरव! कोमल रिषभ, मग लांब उडी. पण गंधार चढा, मध्यमाला जवळजवळ टेकलेला. इथे सप्तकाचे 72 भाग मोजतात (कॉन्स्टँटिनोपलच्या 1881 च्या समितीने ते ठरवले), आणि त्या गंधारापासून मध्यम जेमतेम चार भागांवर.

स्वरांची नावं पा, वू, गा, दी, के, झो, नी. ग्रीक मुळाक्षरांवरून बेतलेली ही नावं 1814 च्या सुमारास झालेल्या सुधारणेतली. मराठी कानाला ती फसवतात: त्यांचा 'पा' आपल्या रिषभाच्या जागी, 'नी' षड्जाच्या. शिकणारा मुलगा गुडघ्यावर हाताने मात्रा मोजत आधी याच नावांनी चाल म्हणतो, शब्द नंतर. समोरच्या पुस्तकातल्या खुणा स्वर सांगत नाहीत, पाऊल सांगतात: एक चढ, एक उतर, आहे तिथेच राहा. एक पाऊल चुकलं की पुढची सगळी वाट सरकते. म्हणून ओळीत मध्ये मध्ये पडताळ्याच्या खुणा असतात.

'आहे तिथेच राहा' या खुणेचं नाव 'इसोन'. चालीखाली धरलेल्या सुरालाही इसोनच म्हणतात. मी खिळले ते त्याच्यापाशी. तंबोरा मैफलभर जागा सोडत नाही. हा सूर मात्र चालीचा तोल पाहून हलतो, पावरून दीवर, पुन्हा पावर. धरणारे तिघे आळीपाळीने श्वास घेत होते, त्यामुळे सूर कुठे तुटत नव्हता.

प्रार्थनेनंतर मी ज्येष्ठांना विचारलं, सुरुवात कशाने करायची? त्यांनी मला त्या तिघांच्या शेजारी उभं केलं, 'पा' दिला आणि स्वतः गाऊ लागले. मी तो तंबोऱ्यासारखा धरून ठेवला. चाल वर सरकली, तिघे दीवर गेले, मी पावरच. ज्येष्ठांनी गाणं न थांबवता तळहात किंचित वर उचलला.