पिकअप गाडीचा हातब्रेक कां धरीत नाहीं?

हल्लीं गांवोगांव बैलगाडीची जागा पिकअप गाडीनें घेतली आहे. कांदा, टोमॅटो, कडबा, खताचीं पोतीं, सर्व कांहीं तिच्यावरूनच जातें-येतें. इंजिन, टायर व डिझेलचा खर्च यांची चौकशी मालक बारकाईनें करितो. पण हातब्रेक धरीत नाहीं हें ठाऊक असूनहि चाकाखालीं एक दगड सारून वर्षानुवर्षें वेळ मारून नेतो. आमच्या मतें ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. म्हणून हा ब्रेक कसा चालतो, कां सुटतो, व दुरुस्तीचा क्रम कोणता, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम धोका कोठें आहे तें पाहूं. उतारावर उभ्या असलेल्या गाडीस खालीं ओढणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणांत असतो. दहा फुटांस एक फूट अशा चढावर १७०० किलो वजनाची रिकामी गाडी सुमारें १७० किलोंच्या जोरानें ओढली जाते. तींत १५०० किलो माल भरला म्हणजे तोच जोर ३२० किलोंच्या घरांत जातो. ब्रेक मात्र तोच. याचा अर्थ असा कीं, मळ्याच्या चढावर रिकामी गाडी निमूट उभी राहील, आणि निम्मीं पोतीं चढल्यावर, मजूर पाठीवर पोतें घेऊन नेमके मागच्या फाळक्यापाशीं आले असतां, ती सरूं लागेल. ‘आतांपर्यंत तर उभी होती’ असें अशा वेळीं जो तो म्हणतो. पण तेव्हां ती रिकामी होती, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक १३ क्रमांकाच्या नियमांत पूर्ण भरलेली मालगाडी शेंकडा १८ च्या चढावर व उतारावरहि केवळ या ब्रेकावर उभी राहिली पाहिजे असें सांगितलें आहे. तेव्हां गाडीनें उभें राहावें ही अपेक्षा अवाजवी खास नाहीं.

बहुतेक पिकअप गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम असतो व त्याच्या आंत अर्धचंद्राकृति दोन शू असतात. शूवर लायनर बसविलेलें असतें. पायब्रेक दाबला कीं तेलाच्या दाबानें हे शू फांकतात व ड्रमला आंतून घासतात. हातब्रेक निराळे शू वापरीत नाहीं. तो याच शूंना तारेच्या, म्हणजे केबलच्या, ओढीनें फांकवितो. दांड्यापासून निघालेली ओढ एका आडव्या पट्टीवर येते व तेथून दोन केबली दोन चाकांकडे जातात. ही पट्टी म्हणजे बैलांच्या मानेवरील जूंच समजावें. ओढ दोहींकडे सारखी वांटून देणें हें तिचें काम.

आतां मुख्य मुद्दा. लायनर झिजलें कीं शू व ड्रम यांतील अंतर वाढतें. पायब्रेकांत हें अंतर थोडें अधिक तेल पुढें सरकून भरून निघतें, म्हणून चालकास प्रारंभीं कांहींच जाणवत नाहीं. केबलीची लांबी मात्र ठराविक. तिची ओढ अंतर काटण्यांतच संपते व दाबण्यास कांहीं उरत नाहीं. हें अंतर आपोआप कमी करण्यासाठीं दोन शूंमध्यें दांतेरी चकतीचा ॲडजस्टर असतो. तो चिखलपाण्यानें गंजून जाम झाला कीं अंतर वाढतच जातें. सारांश, हातब्रेक ढिला पडतो तो बहुधा ड्रमच्या आंत, आणि आमचे लोक, व पुष्कळ मिस्त्रीहि, पान्हा लावितात तो दांड्याखालच्या नटाला! नट आवळला कीं दांडा दोन दिवस चांगला लागतो व मालक संतुष्ट होतो. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. वसुली न करितां थकबाकी कागदावर कमी दाखविणारे तलाठी आम्हीं पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार होय. शिवाय ताणलेल्या केबलीनें शू आपल्या मूळ जागीं परत बसत नाहींत, आणि मग पुष्कळ गाड्यांतील स्वयंचलित ॲडजस्टरहि आपलें काम करूं शकत नाहीं.

दोष कोठें आहे हें दांड्यावरूनच बरेंच कळतें. दांडा हलका लागून फार वर येत असेल तर अंतर वाढलें आहे किंवा केबल सैल झाली आहे. दांडा थोडक्यांत घट्ट होतो पण गाडी तरीहि सरते, असें असेल तर केबल नळींत जाम झाली असावी अथवा लायनरला तेल लागलें असावें. दांडा वर ओढून सोडतांच खालीं पडत असेल तर त्याची खिटी व दांते झिजले. तेथें कानशीनें घासाघीस न करितां तो भागच बदलावा.

खोलण्यापूर्वीं गाडी सपाट व टणक जागीं उभी करावी आणि पुढच्या दोन्ही चाकांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे. हातब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. तीं उचललीं कीं त्याचा उपयोग शून्य, हें विसरूं नये. गाडी केवळ जॅकवर ठेवून खालीं कोणीं जाऊं नये. आंसाखालीं भक्कम घोडे द्यावे. नंतर गिअर मोकळा करून एकानें दांडा एकेक दांता ओढावा व दुसऱ्यानें चाक हातानें फिरवून पाहावें. एक चाक धरतें व दुसरें फिरतें असें आढळल्यास न धरणाऱ्या बाजूची केबल व ड्रम प्रथम पाहावा.

ड्रम निघत नसेल तर हातोडे मारण्याआधीं ॲडजस्टर मागें फिरवून शू आंत घ्यावे. आंतली भुकटी तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे व तें फुफ्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें ती पुसून घ्यावी. लायनर तेलकट असेल तर तें पेट्रोलनें धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर करूं नये. मुरलेलें तेल तापल्यावर पुन्हा वर येतें. शू बदलावे, व दोन्ही चाकांचे बदलावे. परंतु तत्पूर्वीं तेल आलें कोठून हें शोधिलें पाहिजे. वरच्या छोट्या सिलिंडरपाशीं पातळ ओल असेल तर तें ब्रेकचें तेल, आणि मग पायब्रेकहि धोक्यांत आहे असें समजावें. दाट, काळें व उग्र वासाचें असेल तर आंसाचें सील गेलें. ड्रमच्या झिजेची मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते.

ॲडजस्टर सोडवून, घासून, त्याच्या आट्यांस ब्रेकसाठीं मिळणारें ग्रीस अगदीं बेतानें लावावें. डावा व उजवा ॲडजस्टर एकमेकांच्या जागीं जाऊं देऊं नये. त्यांचे आटे उलटसुलट असतात. ड्रम चढविल्यावर चाक किंचित् घासेपर्यंत चकती फिरवावी, मग मोकळें फिरेपर्यंत मागें घ्यावी, आणि पायब्रेक पांचसहा वेळां दाबून शू मध्यावर बसवावे. केबलीस हात लावावयाचा तो यानंतर. गंजलेली किंवा तुटक्या नळीची केबल तेल ओतून सुधारत नाहीं. ती नवीन घालावी. दांडा किती दांत्यांवर घट्ट व्हावा याचा आंकडा गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. तितका ठेवून लॉकनट आवळावा. दांडा खालीं असतां दोन्ही चाकें मोकळीं फिरलीं पाहिजेत, नाहीं तर ड्रम तापून नवीं लायनरेंहि जळतील.

ब्रेक दुरुस्त झाला तरी चढावर गाडी तोंड वर करून उभी केल्यास पहिला व उतारावर रिव्हर्स गिअर टाकावा, आणि माल भरतांना चाकाखालीं ठोकळा द्यावा. ठोकळा निघतांना परत गाडींत घ्यावा. घाटांत चाकाखालचे दगड रस्त्यावरच टाकून जाणारे महाभाग रोज दिसतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचें त्या दगडावर काय होतें, हें ते पाहावयास थांबत नाहींत.

नवे शू पहिल्या कांहीं दिवसांत ड्रमला पुरते बसत नाहींत, व नवी केबलहि थोडी सैल पडते. म्हणून आठपंधरा दिवसांनीं जुळणी पुन्हा पाहावी. आणि चढावरची परीक्षा, पाठीमागें कोणी माणूस नाहीं अशी खात्री करून व पाय पायब्रेकवर तयार ठेवून, भरलेल्या गाडीनेंच घ्यावी.