परतीच्या आदल्या दिवसाचा हिशेब

पेडगावसारख्या गावात आखातातून कोणी परत आला की सारे घर त्याच्या पेट्यांभोवती जमते. कंबल कोणाचे, घड्याळ कोणाचे, अत्तराची कुपी कोणाची, याची वाटणी दोन दिवस चालते. मग आठवडाभराने एखादा अनुभवी चुलता विचारतो, "बाबा, कंपनीकडून शेवटचा हिशेब किती मिळाला?" आणि पुष्कळदा उत्तर येते, "पाठवतो म्हणाले आहेत." आमच्या पाहण्यात असे पाठवलेले पैसे फार थोड्यांना मिळाले आहेत.

कारण साधे आहे. माणूस तेथे आहे तोवर त्याच्या हक्काला जोर आहे. विमान उडाले की तोच हक्क अर्ज, मुखत्यारपत्र आणि वाट पाहणे यांत अडकतो. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुक्कामातला सर्वांत किमती दिवस शेवटचा. तो आमचे गवंडी, वेल्डर, शिंपी आणि ड्रायव्हर बांधव रियाधच्या बत्हा बाजारात नाही तर दुबईच्या देरा भागात खरेदीत घालवतात.

आधी हक्क किती, ते पाहू. सौदी अरबस्तानच्या कामगार कायद्याप्रमाणे कराराची मुदत पुरी करून निघणाऱ्यास पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढील प्रत्येक वर्षास पूर्ण महिन्याचा पगार सेवासमाप्तीची रक्कम म्हणून मिळतो. शेवटचा पगार १,५०० रियाल असलेल्या गवंड्याने पाच वर्षे भरली तर ३,७५० रियाल झाले. हाच माणूस स्वतः राजीनामा देऊन निघाला तर चित्र बदलते: दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, आणि दहा वर्षांनंतर पूर्ण रक्कम. तेव्हा कागदावर 'राजीनामा' लिहिले आहे की 'मुदत संपली', या दोन शब्दांत हजारो रुपयांचा फरक आहे. घाईत सही करणाऱ्यास हे कोणी सांगत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत (दुबई, शारजा, अबुधाबी वगैरे) २०२१ चा नवा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. तेथे एक वर्ष पुरे झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षास २१ दिवसांचा आणि पुढे दर वर्षास ३० दिवसांचा पगार मिळतो. पण हा हिशेब मूळ पगारावर होतो, भत्ते धरून नव्हे. मूळ पगार १,२०० दिरहम असेल तर दिवसाचे ४० झाले, २१ दिवसांचे ८४०, आणि चार वर्षांचे ३,३६०. करार करतानाच मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त का दाखवतात, याचा उलगडा येथे होतो. घेतली नसलेली रजा आणि थकलेला पगार वेगळे मागावेत. अमिरातीत ही सारी देणी करार संपल्यापासून १४ दिवसांत चुकती करावी लागतात. सौदीत मालकाने करार संपवला तर एका आठवड्यात आणि कामगाराने संपवला तर दोन आठवड्यांत.

आता त्या दिवशीची खरी अडचण. निघताना एक अरबी कागद पुढे येतो, त्याला 'मुखालसा' म्हणतात. त्यात लिहिलेले असते की माझे सर्व येणे मला मिळाले, आता काही बाकी नाही. हा कागद अनेकदा विमानतळाच्या वाटेवर, गाडीत बसल्यावर दिला जातो. आमच्यापैकी बहुतेकांना अरबी अक्षरे लहानपणापासून वाचता येतात, अर्थ मात्र कळत नाही. त्यामुळे कागद वाचल्याचे समाधान होते आणि सही होते. पैसे हातात किंवा खात्यात आल्याशिवाय ही सही करू नये. अर्थ जाणणाऱ्याकडून तो आदल्या दिवशीच वाचून घ्यावा आणि एक प्रत जवळ ठेवावी.

शिक्क्याचेही तसेच. सौदीत 'खुरूज निहाई' म्हणजे कायमचे निघणे आणि 'खुरूज व औदा' म्हणजे जाऊन परत येणे. पुन्हा यायचे नसेल तर पहिलाच हवा. तो लागल्यावर इकामा संपतो आणि त्याच्याशी जोडलेले बँक खाते चालवणे अवघड होते. म्हणून शिल्लक आधीच गावी पाठवावी. बँकेचे कर्ज, कार्डाची बाकी, वाहतुकीचा दंड भागवून पावती घ्यावी; प्रकरण न्यायालयात गेले असेल तर विमानतळावरूनच परत फिरावे लागते.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. सौदीत २०१३ पासून सुटी शुक्रवार-शनिवारी असते. अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवारी, आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शनिवारचे विमान असेल तर सौदीतील कारागिराचा शेवटचा दिवस गुरुवारच समजावा. शुक्रवारी ना मुदीर भेटतो, ना बँक उघडते.

हिशेब राहिलाच तर? २०१६ साली सौदी ओजर कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि हजारो भारतीय कामगार महिनोन्महिन्यांच्या पगाराविना अडकले, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना सांगितले होते की निघण्यापूर्वी आपला दावा भारतीय दूतावासाकडे नोंदवा. हा सल्ला एकट्यादुकट्यालाही लागू आहे. दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन तक्रार नोंदवावी. २०१५ पासून 'मदद' या सरकारी व्यवस्थेतही ती करता येते. तेथेच राहणाऱ्या भरवशाच्या सोबत्यास मुखत्यारपत्र देऊन ठेवावे. सौदीत दावा नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांत लावावा लागतो. अमिरातीत ही मुदत २०२४ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची झाली.

मालकाकडून अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. तो विनामूल्य देणे दोन्ही देशांत मालकावर बंधनकारक आहे. परभणीत वर्कशॉप टाकायचे किंवा ठेकेदाराकडे कारागिराचा दर मागायचा, तर दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

एवढे झाल्यावर खुशाल बाजार करावा, पण मुंबईचा कस्टम ध्यानात ठेवून. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या पुरुषास २० ग्रॅम आणि स्त्रीस ४० ग्रॅमपर्यंत सोन्याचे दागिने बिनशुल्क आणता येतात. बिस्किट आणि नाणे यांत धरत नाहीत. चपटा टीव्ही ऑगस्ट २०१३ मध्ये सवलतीतून वगळला गेला, तरी खांद्यावर टीव्ही घेऊन येणारे नंतरही दिसत राहिले. कारागिराने हातची हत्यारे टाकून येऊ नयेत. १९९८ च्या बॅगेज नियमांत सुतार, प्लंबर, वेल्डर आणि गवंडी यांच्या हत्यारांचा उल्लेख नावानिशी होता. रुपयांतल्या मर्यादा सरकार बदलत असते, त्या निघण्यापूर्वी विचाराव्यात. रोख परकीय चलन ५,००० डॉलरच्या वर असेल तर उतरताच जाहीर करावे.

मुंबईहून देवगिरी किंवा तपोवनने परभणीस उतरल्यावर पहिल्या आठवड्यात बँकेत जावे. कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालवता येत नाही, ते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. जाताना पासपोर्टची झेरॉक्स न्यावी. आयकरासाठी भारतातले दिवस येण्याजाण्याच्या तारखांवरूनच मोजले जातात.