भाड्याने दिलेले घर आणि विजेची बचत



हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या आपल्यापैकी अनेकांनी घराचा एखादा मजला वा दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. अशा घरात पंखे व गीझर मालक बसवितो आणि विजेचे बिल भाडेकरू भरतो. जुन्या पंख्याची झळ मालकास लागत नाही. ज्यास लागते, त्यास परक्या घरात खर्च करण्याची मुभा नसते. बचत अडते ती येथेच.

पंख्याचेच उदाहरण घेऊ. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाचे १५ तास व वर्षाचे ८ महिने धरल्यास एका पंख्यामागे सुमारे १६० युनिट वाचतात. युनिटमागे ६ रुपये धरले तरी वर्षाचे साडेनऊशे रुपये होतात. मालकाने पंखा बदलून भाड्यात महिना ४० रुपये वाढविले, तरी भाडेकरू लाभातच राहील. (रिमोट मात्र घर सोडताना आठवणीने परत घ्यावा!)

खरा प्रश्न गच्चीखालील खोलीचा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता आत सोडतो. वृद्धांस व तान्ह्या मुलांस मे महिन्यातील अशा रात्री असह्य होतात. फाल्गुनातच गच्ची स्वच्छ करून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. उष्णता परतविणारा रंग महाग, पण अधिक टिकतो. तेलंगण शासनाने २०२३ साली थंड छतांचे धोरण जाहीर केले, ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. काही घरांत तीन कुटुंबे एकाच मीटरवर असतात. वापर वाढेल तसा युनिटचा दर चढत असल्याने, काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबासही चढ्या दराने पैसे द्यावे लागतात. हा अन्याय मालकाच्या ध्यानातही येत नाही. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र मीटर घेण्यात मालकानेच पुढाकार घ्यावा.

जुने वायरिंग व अर्थिंग तपासणे, गीझरचा थर्मोस्टॅट पाहणे ही कामे एक भाडेकरू गेल्यावर व दुसरा येण्यापूर्वी, घर रिकामे असतानाच उरकून घ्यावीत.